देवीपुढचं कोरं लोखंड

मी हिरा. गावात हिराबाय बोलतात, कारखान्याच्या शॉपमदी हिरामावशी बोलायचे. तुमी बोलता सुरुवातीपासून सांग, तर सुरुवात मशिनीपासून नाय, भातापासून हाय. ज्या शॉपमदी मी एवढी वर्सं झाडू मारला त्या शॉपच्या खाली आमचं शेत हाय. होतं नाय बोलत मी, हाय बोलते, कारन जमीन कुठं जाते, ती तिथंच असते, वरती कोनी काय उभं केलं त्याला ती काय करनार.

माझं माहेर घनसोलीकडं, लगीन करून दिघ्याच्या अंगाला आले. रस्त्याच्या खालती खाडी नि मिठागर, वरती डोंगर, नि मधल्या पट्टीत आमचं भात. शेताच्या बांधाला, कोपऱ्यात, देवीचा दगड होता, शेंदूर लावलेला, शेताची राखन करायची ती. भात पिकलं का पयली मूठ तिची. विळा लावायचा, पयली मूठ कापायची, तशीच कोरी तिच्यापुढं ठेवायची, मंग बाकीचं आपलं. माझी सासू बोलायची, आगीवर गेलेलं तिला चालत नाय गो, आग आपल्या पोटासाठी, तिला कोरं पायजे.

मंग सरकारनी जमिनी घेतल्या, कारखान्यासाठी. रडली मानसं, भांडली, पन गेल्याच जमिनी. आमचं शेत दामले साहेबाच्या वाटनीला आलं. दामले साहेब मुंबईचा, दादरकडचा, इंजिनिअर, उंच, सडपातळ, मान खाली घालून चालायचा, जसं काय त्याचं कायतरी खाली पडलंय. माझा मानूस तवा डोंगरातल्या खडीच्या खानीवर डंपर चालवायचा. हसुराम नाव त्याचं. आता घेते मी नाव, तवा नाय घ्यायची, तवा मंजूचा बापूस बोलायची, मंजू माझी पोर. तर साहेब पाया खनायला आला नि हा बांधावर देवीच्या दगडापाशी जाऊन बसला. उठेच ना. बोलला, साहेब जमीन घेतली तर घेतली, पन राखनवाली इथून हलनार नाय. मना वाटलं आता पोलीस येतात. साहेब खाली बसला त्याच्या बाजूला, पँट मातीत, नि बोलला, हलवायची नाही, आपण तिच्याभोवती शॉप बांधू. नि खरंच, काय सांगू तुमाना, भिंतीत कोनाडा करून दगड तिथल्या तिथंच ठेवला. नि ह्याला गाडीवर ड्रायव्हर घेतला. तिथून त्या दोघांचं जमलं ते जमलंच.

शॉप म्हंजे काय, लेथ, ड्रिल, मिलिंग, लोखंड कापायचं, घासायचं, भोकं पाडायची. बाहेरच्या कंपन्यांचं काम यायचं, ट्रकचे पार्ट, पंपाचे पार्ट. पन साहेबाच्या डोक्यात वेगळंच होतं. तवाच्या टायमाला मोटारगाडी म्हंजे बड्या लोकांचं काम, नाव लावायचं नि वर्सानुवर्सं वाट बघायची, पैसे असले तरी मिळायची नाय. साहेबाला बारकी गाडी बनवायची होती. मास्तर घेईल, क्लार्क घेईल अशी. नि बाहेरून काय मागवायचं नाय, इंजनापासून सगळं हितंच, ह्याच मशिनींवर. लोक हसायचे. भातशेतात मोटार पिकवतो बोलायचे. हा तेवढा नाय हसायचा. घरी येऊन सांगायचा, आज इंजनाचं पोट कापलं, आज चाकाचा कना झाला. जशी काय गाभन म्हैस हाय नि हा दिवस मोजतोय.

नि एक रीत ह्यानंच लावली तिथं. कुठला नवा पार्ट मशिनीवरून उतरला का पयला नग देवीचा. भाताची पयली मूठ तसा. साहेबानी पन मानलं. तुमाना ठाऊक असंल, मशिनीवरून उतरलेला पार्ट अजून कच्चा असतो, त्याला भट्टीत लाल करून तेलात बुडवतात तवा तो पक्का होतो. आमच्यात त्याला पानी देनं बोलतात, लोहार विळ्याला देतो तसंच. पानी नाय दिलं तर विळा दिसतो चांगला, पन भाताच्या पयल्याच धाटाला मुडतो. तर देवीचा नग भट्टीच्या आधीच बाजूला काढायचे. आगीवर गेलेलं तिला चालत नाय ना. कोरा नग, हळदकुंकू लावून, कोनाड्यात. साहेब स्वतःच सांगायचा, भट्टीच्या आधी काढा रे देवीचा.

गाडी झाली. काय सांगू, पिवळी, हातानी ठोकलेला पत्रा, जरा इकडंतिकडं पोचा आलेला, पन गाडी. हॉर्न कुठल्यातरी जुन्या स्कूटरचा लावलेला, बकरीचं पिल्लू ओरडावं तसा. ह्यानी मना नि मंजूला बसवून गावात फेरी मारली, पोरं मागून पळतात, म्हाताऱ्या दारात येतात, एकीनी तर चाकांवर पानी ओतलं नवरीच्या पायावर ओततात तसं. मी लाजून खाली बघत होते. माझ्या आयुष्यात तेवढा सुखाचा दिवस मना दुसरा आठवत नाय, लगीन धरून.

मंग तो मंगळवार. मुंबईहून बडी मानसं येनार होती गाडी बघायला, बेलापूरला थांबनार, गाडी इथून तिथवर चालवत न्यायची. त्यांच्या पसंतीवर सगळं. मंगळवारचा ह्याचा देवीचा उपास असायचा, पोटात नुसता चाय. सकाळचा देवाला दिवा लावून गेला. जाताना मंजूला बोलला, आज तुझ्या बापसाची गाडी सगळ्यांना दिसनार. मिठागराच्या पुढं रस्त्याखालनं पानी जायची एक मोरी हाय, रस्ता सरळ, एकदम सरळ, तिथं गाडी खाडीत गेली. भरती होती.

धाकलूकाका तिथं जाळं टाकत होता. माझा चुलतसासरा तो, गावात त्याच्या शब्दाला वजन. त्यानीच बाहेर काढला ह्याला. काढला तवा गेलेला होता. काका गावात येऊन बोलला, वास येत होता अंगाला. एवढंच बोलला तो. कसला वास ते नाय बोलला, कोनी इचारलं पन नाय. पन गावाला तेवढं बस झालं. दुपारपर्यंत सगळीकडं झालं, हसुराम पिऊन चालवत होता, म्हनून सरळ रस्त्यावरनं खाडीत गेला.

मी ओरडून सांगत होते, उपास होता, उपास होता. रडनाऱ्या बाईचं कोन ऐकतंय. त्याच्या दिवसाला जेवायला बसलेली मानसं, माझ्या घरचं खात होती नि बोलत होती, चांगला होता पन दारूनी नेला. मंजूला पोरं चिडवायची, बेवड्याची पोर, बेवड्याची पोर. ती शाळेतनं येऊन गोधडीत तोंड घालून पडायची. मना मानूस गेल्याचं दुख होतं ते होतंच, पन हे दुसरं, हे जास्त चावायचं. मेलेला मानूस परत येत नाय हे मना कळतं. पन त्याचं नाव तरी स्वच्छ पायजे ना हो. सरळ रस्त्यावर डंपर चालवनारा मानूस खाडीत कसा जातो, हे मना कळायला पायजे होतं.

साहेब आला घरी, ओट्यावर बसला, बोलला, गाडीच्या डिझाइनमध्ये चूक होती. म्हंजे काय, मी इचारलं. मान खाली घातली नि उठून गेला. गाडीचं काम बंद केलं त्यानी. बड्या मानसांना नको बोलला. नि मना शॉपमदी कामाला लावलं, झाडू मारायचा, लोखंडाचा कीस गोळा करायचा. मी गेले, काय करनार, पोर होती पदरात.

नि ती गाडी तिथंच होती. खाडीतनं काढून आनलेली, शॉपच्या कोपऱ्यात, ताडपत्री घातलेली. माझ्या रोजच्या झाडूच्या वाटेत. माझ्याच शेतात, माझ्याच देवीसमोर, माझ्या मानसाला खाल्लेली गाडी, नि मी तिच्या भवती झाडू मारते. बाकीचे तिकडं जात नव्हते. साहेब मात्र सकाळचा सगळ्यांच्या आधी येऊन तिच्या बाजूला स्टूल टाकून बसलेला असायचा, मी आले का उठून केबिनमदी जायचा.

दुपारचा जेवनाचा भोंगा झाला का सगळ्या मशिनी बंद. तुमी कधी ऐकलंय का, एवढा आवाज एकदम थांबतो ना तवा कान गच्च होतात. मानसं बाहेर झाडाखाली डबे उघडायची, मी आतच बसायची, देवीपाशी. नि त्या शांततेत ताडपत्रीच्या खालनं आवाज यायचा. स्टेरिंग फिरवल्यासारखा. थोडा इकडं, थोडा तिकडं, जसा मानूस गाडी सरळ ठेवायला बघतो नि ती राहत नाय. तुमी बोलाल बाईला भास होत असंल. होत असंल. एका दुपारी मी उठले, ताडपत्री वर केली नि त्याच्या सीटवर बसले. चिखल वाळून तडकलेला होता, सीट त्याच्या वजनानी दबलेली तशीच. मी स्टेरिंगवर हात ठेवून बोलले, काय झालं ते एकदा सांगा मना. मंग मना घाम फुटला नि मी खाली उतरले. कोनाला बोलले नाय. पन दुसऱ्या दिवशी दुपारी परत आवाज आला, नि मना भीती नाय वाटली, मना वाटलं, हा पन माझ्यासारखाच त्याच मोरीवर अडकून पडलाय.

मंग खंडेनवमी आली. खंडेनवमीला मशिनी धुवून, पुसून, हार घालून पूजा, गावची मानसं पन प्रसादाला यायची, देवी त्यांचीच ना. आदल्या दिवशी कोनाड्यातले सगळे नग खाली काढून घासायचे, मंग पूजेच्या दिवशी नवीन हळदकुंकू. आधी हे काम शॉपच्या जुन्या शिपायाकडं होतं, वरवर फडकं मारायचा तो, मंग गावाला गेला कायमचा, म्हनून त्या वर्सी माझ्याकडं आलं. मी विधवा, कुंकू लावायला चालत नाय, पन घासायला चालते. असो. बसले घमेलं घेऊन. एकएक नग तेलाचा, कुंकवाचा, घासला का खालनं पांढरं लोखंड. घासत गेले, घासत गेले, नि एक नग असा आला का घासून घासून पांढरा होईना. कोपरासारखा वाकडा तुकडा, निळसर काळा. मना वाटलं मळ हाय. मळ नव्हता. भट्टीत गेलेल्या पार्टचा रंग मी रोज बघत होते. मी बसल्या जागी थिजले. देवीपुढं आगीवर गेलेलं लोखंड कसं काय आलं?

बबन मिस्त्री बाजूच्या मशिनीला तेल घालत होता. बबन साताऱ्याकडचा, गाडीची सगळी जोडनी त्याच्या हातची, ह्याचा दोस्त. मी तो नग वर धरला, बोलले, बबनभाऊ, हा काळा कसा? त्यानी बघितलं नि तेलाचा डबा खाली ठेवला. बोलला, ठेव तो, हिरावयनी. मी बोलले, कशाचा पार्ट हाय हा? तो बोलला, स्टेरिंगचा. चाक वळवतो तो आर्म. मी बोलले, मंग देवीचा कोरा कुठं हाय?

तो तिथंच, कीस पडलेल्या जमिनीवर बसला नि लहान पोरासारखा रडला. तिथं मना सगळं कळलं. त्या मंगळवारी सकाळी ह्यानी बबनला सांगितलं, आज बडी मानसं येनार, आज गाडीत देवी पायजे. पक्का आर्म काढ नि देवीपुढचा लाव, तिचं कुंकू असल्यावर गाडी कशी चुकंल. नि देवीपुढची जागा रिकामी नको, म्हनून चांगला, पक्का, भट्टीतला आर्म तिच्यापुढं ठेवला. बबन बोलला, वयनी, मी जोडनीवाला, माझ्या हातात दोनी तुकडे होते, कुंकू एवढं माखलेलं का रंग दिसला नाय, नि देवीचा म्हनल्यावर मी कपाळाला लावला नि बसवला. रस्त्यात खड्डा लागला असंल. कोरं लोखंड मुडलं.

मना राग यायला पायजे होता, नाय आला. पिऊन नव्हता. उपाशी होता नि भाविक होता. मी इचारलं, साहेबाला ठाऊक हाय? बबननी केबिनकडं बोट केलं.

मी तो काळा तुकडा पदरात घेऊन केबिनमदी गेले. साहेबानी तुकडा बघितला नि चष्मा काढला. बोलला, हिराबाई, बसा. मी नाय बसले. बोलला, मला माहीत आहे. गाडी वर काढली तेव्हा मीच उघडून बघितली. मंग बोलला, त्या सकाळी हसुरामनं मला विचारलं होतं. साहेब, देवीचा लावू का? मी घाबरलेलो होतो, सगळं त्या एका दिवसावर होतं. मी हात जोडले आणि लाव म्हणालो. त्या तुकड्याला पाणी दिलेलं नाही हे मला माहीत नव्हतं का? मीच तो भट्टीच्या आधी काढायला लावायचो. पण त्या सकाळी ते डोक्यातच आलं नाही.

मी बोलले, मंग गाव त्याला बेवडा बोलत होतं तवा तुमी कुठं होतात? साहेब बोलला, लोक हसले असते. इंजिनिअरनं गाडीत देवीचा तुकडा लावला. कोणी मला पुन्हा काम दिलं नसतं. मी बोलले, साहेब, माझी पोर रडत होती नि तुमाना हसनाऱ्यांची पडली होती. तुमची लाज झाकायला माझ्या मानसाची उघडी टाकलीत. असं बोलले मी. माझ्या अन्नदात्याला. नि बोलले, उद्या पूजेला सगळं गाव येईल, त्यांच्यासमोर सांगा, नायतर मी सांगते.

साहेबानी सांगितलं. आरती झाल्यावर, हार घातलेल्या मशिनींच्या मधी उभा राहून, सगळं. हसुराम प्यायला नव्हता, त्यानं मला विचारलं आणि मी हो म्हणालो. मना वाटलं, सुटला. पन गाव ते गाव. मागनं एक जन बोलला, म्हंजे देवीचं चोरलं, म्हनून देवीनी नेला. नि बाया मान हलवायला लागल्या, हो गो हो, देवीचोर. बघा, काय सांगू तुमाना, बेवड्याचा देवीचोर झाला, माझ्या डोळ्यांदेखत, आरतीचा कापूर विझला पन नव्हता. मी पुढं झाले. विधवा बाई, देवीसमोर, कोनी सांगितलं नसताना. तो काळा तुकडा वर धरला नि बोलले, चोर चोरी करतो नि जागेवर त्याच्यापेक्षा चांगलं ठेवून जातो का रं? त्यानी स्वतःचा जीव वाचवनारा तुकडा हिच्यापुढं ठेवला, हिची जागा रिकामी नको म्हनून. ह्याला चोरी बोलता तुमी? धाकलूकाका पुढंच बसला होता. त्यानी माझ्याकडं बघितलं, मंग जमिनीकडं. परसाद घेऊन सगळे गेले.

पुढं संपाचे दिवस आले, काम कमी झालं, साहेब थकला, त्यानी शॉप विकलं. जाताना मना इचारलं, गाडीचं काय करू. मी बोलले, मोडा. भंगारवाल्यानी पत्रा कापला तवा मी बघत उभी होते. आता तिथं पावडर बनवायचा कारखाना हाय, मना आत सोडत नाय, देवीला मात्र त्यांनी ठेवलंय कोनाड्यात. साहेब मेला का जिता ते ठाऊक नाय. देव त्याचं भलं करो. खरंच बोलते. त्यानी उशिरा सांगितलं, पन सांगितलं, कितीक जन सांगत पन नाय. नि आता बघा रस्त्यावर, बारक्या गाड्याच गाड्या, मास्तर घेतो, क्लार्क घेतो. कुठून कुठून येतात बनून. मी रस्त्याच्या कडेला उभी राहते नि बघते. दुपारचा गाव शांत झाला का अजून ऐकू येतं मना, स्टेरिंगचं. घरात एकटी असते तवा. मी काय बोलत नाय, ऐकते.

आता मंजूचं लगीन ठरलंय. पोरगा उरनकडचा, न्हावा शेव्याला बंदरात कामाला. ती मानसं मागच्या महिन्यात आली होती, सुपारी फोडायला. ओटीवर सगळी बसलेली, गावची जानती मानसं, मधी धाकलूकाका, आता म्हातारा झालाय, कानानी कमी. पोराचा मामा बोलला, सगळं ठीक हाय, पन एक इचारतो, राग मानू नका, पोरीचा बापूस कशानं गेला? आमच्या कानावर कायतरी आलंय. मी दाराआड, मंजू आत चाय गाळत होती, तिचा हात थांबला. उत्तर काकानी द्यायचं, मोठा तोच.

काकाला एकानी प्रश्न कानात परत सांगितला. मंग बोलला, मी काढला त्याला पान्यातनं. वास येत होता अंगाला. पेट्रोलचा वास. टाकी फुटली होती. तवाच सांगायला पायजे होतं मी, नाय सांगितलं, गाव बोलत गेलं नि मी बोलू दिलं. गाडी बनवत होते ते हितं, आमच्या शेतात, ती चालवताना गेला तो. लोखंड कच्चं निघालं. मानूस पक्का होता.

मामा बोलला, बस, आमाना एवढंच पायजे होतं. मंजू पदर सावरून ट्रे घेऊन बाहेर गेली. पयला कप पावन्यांचा, ही रीत हाय, पोराकडची मानसं हात पुढं करून बसली होती. तिनी पयला कप धाकलूकाकासमोर धरला. काकाचे हात एवढे कापत होते का कप त्याला घेता येईना, तर ती तशीच वाकून उभी राहिली, त्याचे हात थांबेपर्यंत. मी दारातनं बघत होते. रीत मोडली म्हनून मी काय तिला बोलले नाय.